चोडणचे तिवरवन आणि त्याचे इवले सोयरे

पणजीहून जुन्या गोव्याच्या वाटेने निघाले म्हणजे मांडवीच्या काठाकाठाने जाणारा एक लांबलचक दगडी सेतू लागतो. लिन्यारिशचे काउंट हे पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ च्या सुमारास, दलदलीतून हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा सेतू उभारण्यात आला आणि आज जवळजवळ चारशे वर्षांनंतरही त्यावरून रहदारी चालू आहे. सेतू संपला की रायबंदर येते. तेथील धक्क्यावर फेरीबोटीत पाऊल ठेवावे आणि थोड्याच वेळात मांडवीचे पात्र पार करून चोडण बेटावर उतरावे. एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला म्हापशाची नदी, अशा दोन पाण्यांच्या मधोमध हे बेट वसलेले आहे. काठावर तिवरांची हिरवी झालर, तिच्या आत मातीचे बांध, बांधाआड भातशेती, आणि मधल्या उंचवट्यावर घरे, माड, आंबे, फणस व काजू, अशी या बेटाची साधारण ठेवण आहे.

बेटाच्या पश्चिम टोकाला १.७८ चौरस किलोमीटरांचे तिवरवन राखून ठेवलेले आहे. १९८८ साली त्यास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव त्यास दिलेले आहे. येथे येणारे पाहुणे बहुधा दुर्बीण गळ्यात अडकवून येतात, खंड्या व बगळे पाहून आनंदतात आणि दुपारच्या आत परत फिरतात. त्यांच्या आनंदात आपण उणे काढावयाचे नाही. परंतु वाचकहो, आज आपण दृष्टी थोडी खाली आणू, पानाच्या पाठीवर आणि फुलाच्या पाकळीत डोकावू. झाडाला पाय नाहीत. त्यास आपल्या जागेवरून हलता येत नाही. वराकडचा निरोप वधूकडे नेणे, शत्रूला हुसकावणे, पडलेल्या पाचोळ्याचे खत करणे ही सारी कामे त्यास कोणाकरवी तरी करवून घ्यावी लागतात. ती करणारे बहुतेक गडी सहा पायांचे आहेत. त्यांचा आणि झाडांचा हा कारभार कसा चालतो आणि त्यात आपला संबंध कोठे येतो, हे पाहण्यासाठी ही चोडणची फेरी आहे.

चिखलातले बिऱ्हाड

मे महिन्याच्या अखेरीस, ओहोटीच्या वेळी, अभयारण्यातील पायवाटेने चालू लागावे. दोहों बाजूंस काळाभोर चिखल, आणि त्यातून पेन्सिली उलट्या रोवून ठेवाव्यात तशा हजारो काड्या वर आलेल्या दिसतात. या तिवराच्या मुळ्या होत. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवर आपली मुळे वर काढून श्वास घेतो. पाण्याबरोबर येणारे मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. एखादे पान तोडून जिभेला लावले तर खारट चव लागते. पलीकडे कांदळ उभा असतो. त्याची मुळे खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात उतरतात, आणि त्याचे बी आईच्या अंगावरच रुजून शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबत राहते. वेळ भरली की ते गळून पडते आणि चिखलात तरी रुतते किंवा भरतीबरोबर नव्या घराच्या शोधात निघते.

कांदळ आपले पराग बहुतांशी वाऱ्याच्या स्वाधीन करतो. तिवराचे तसे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात शिरेपर्यंत त्याच्या फांद्यांच्या टोकांना पिवळसर नारिंगी रंगाच्या बारीक फुलांचे झुबके येतात. फूल इतके लहान की जाणारा येणारा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण त्याचा मधाळ वास वाऱ्यावर दूरवर जातो. या फुलात एक व्यवस्था आहे. आधी त्यातील पुंकेसर पिकतात व पराग झडतात, आणि मग स्त्रीकेसर पराग घेण्यास सिद्ध होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचेच पराग सहसा उपयोगी पडत नाहीत. ते दुसऱ्या फुलाकडून, शक्यतो दुसऱ्या झाडाकडून, कोणीतरी आणून द्यावे लागतात. हे काम करण्यासाठी सकाळपासून तिवरावर एक बाजारच भरतो. सातेरी माशा येतात, डंख नसलेल्या इवल्या काळ्या मधमाशा येतात, गांधीलमाश्या, फुलपाखरे आणि साध्या माश्याही येतात. प्रत्येकीला घोटभर मध हवा असतो, आणि तो घेताना अंगाला चिकटलेली पिवळी धूळ ती नकळत पुढच्या फुलाला देऊन जाते.

आता या माशा येतात कोठून, याचा थोडा विचार करावा. सातेरी आपले पोळे अंधाऱ्या, कोरड्या पोकळीत बांधते. जुन्या आंब्याची ढोली, वारुळाचे भोक, दगडी कुंपणातील खबदाड, पडक्या घराची भिंत, ही तिची आवडती स्थळे. म्हणजे तिवराच्या लग्नाची कारभारीण खाडीच्या चिखलात राहत नाही. ती राहते आपल्या परसात. आणि उपकार एकतर्फी नाही. हिवाळ्यात काजूला आणि आंब्याला बहर येतो तेव्हा माशांना अन्नाची वाण नसते. तो बहर ओसरला आणि पाऊस तोंडावर आला की डोंगरावरची फुले आटतात. नेमक्या त्या दिवसांत तिवराची पंगत मांडलेली असते. परसातील माशी खाडीच्या मधावर जगते, आणि जगली म्हणून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काजूच्या फुलावर जाते. खाडी आणि डोंगर यांच्यामधला हा व्यवहार कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही, तरीही तो वर्षानुवर्षे चुकता होत आला आहे.

भुंग्याचे दार आणि रात्रीचे पाहुणे

पायवाटेच्या कडेला, झाडांच्या पायाशी, काटेरी पानांची मारांडी दाटून उगवलेली असते. तिची निळसर जांभळी फुले पाहण्यासारखी आहेत. या फुलाला वरचा ओठ नाही. खालची एकच रुंद पाकळी पायरीसारखी पुढे आलेली असते. तिच्यावर चार जाड पुंकेसर एकमेकांस घट्ट चिकटून दाराच्या फळ्यांसारखे उभे असतात. मध त्यांच्या पाठीमागे दडलेला असतो. लहानसहान किड्याला हे दार उघडत नाही. काळा, धिप्पाड भुंगा येतो, पायरीवर बसतो, खांद्याने फळ्या बाजूस सारतो आणि आत डोके घालतो. त्याच क्षणी त्याच्या पाठीवर परागांचा शिडकावा होतो. इवलासा शिंजीर पक्षीही या फुलांना भेट देतो, तथापि भुंग्याची आणि त्यांची जोडी विशेष जमलेली आहे. हा भुंगा वाळलेले लाकूड पोखरून त्यात अंडी घालतो. परसातील सुकी फांदी, जुना बांबू, गोठ्याचा वासा हे त्याचे प्रसूतिगृह होय. वठलेली फांदी दिसताच सरपणासाठी तोडून टाकणाऱ्या घरधन्याच्या मनात मारांडीच्या फुलाचा विचार येत नाही, आणि तो यावा तरी कसा?

तिवर व मारांडी दिवसा पाहुणे बोलावतात. चिपीचे आमंत्रण मात्र रात्रीचे असते. सूर्य बुडाला की तिच्या जाडजूड कळ्या उमलतात आणि असंख्य लांब तंतूंचा एक झुबका बाहेर पडतो. तंतू पांढरे असतील तर अंधारातही तो झुबका उठून दिसतो. त्यातील मध चाखण्यासाठी लांब सोंडेचे मोठे पतंग आणि मध पिणारी वटवाघळे येतात. पहाट झाली की सारे तंतू गळून पाण्यावर तरंगू लागतात. एका रात्रीचे हे आयुष्य; तेवढ्यात भेट झाली तर फळ धरते, नाही तर नाही.

या वटवाघळांविषयी मलेशियातील एक हकीकत उद्बोधक आहे. तेथे दुरियन नावाचे, आपल्या फणसाची आठवण करून देणारे, एक काटेरी फळ होते आणि त्यावर पुष्कळ शेतकऱ्यांचा संसार चालतो. दुरियनची फुले रात्री उमलतात व गुहेत राहणारी वटवाघळे त्यांचे परागण करतात. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी त्या वटवाघळांच्या आहाराचा माग काढला, तेव्हा असे दिसून आले की दुरियनचा बहर वर्षातून थोडेच दिवस असतो आणि एरवी ही वटवाघळे कित्येक किलोमीटर उडून समुद्रकाठच्या चिपीच्या फुलांवर पोट भरतात. किनाऱ्यावरची चिपी तोडली तर डोंगराकडील दुरियनच्या बागेचे नुकसान होईल, हे त्या दिवसापर्यंत बागाईतदारांच्या ध्यानीमनी नव्हते. आमच्या काजूची व तिवराची कथा याच जातीची आहे.

बोडके झाड मेलेले नसते

झाडांशी येणारे सर्वच किडे हात जोडून येतात असे नाही. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी, पावसाळा सरतासरता, मैलोगणती तिवरवन एकाएकी तपकिरी पडल्याचे अनेकदा दिसून आले आहे. आदल्या आठवड्यात हिरवेगार असलेले झाड, आणि आता त्यावर पानांच्या नुसत्या शिरा! जवळ जाऊन पाहावे तर फांदीफांदीवर काळपट अळ्या लोंबत असतात. ही अळी एका करड्या पतंगाची. शास्त्रज्ञ त्यास हिब्लिया प्युएरा म्हणतात. सागाच्या बागा असणाऱ्यांना तिची चांगली ओळख आहे, कारण सागाची पाने फस्त करणारी अळी ती हीच. केरळातील निलंबूर येथील कोवळ्या सागवनांची पाहणी करून १९८५ साली शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला, की या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी शेकडा ४४ भाग वाया जातो.

साहजिकच बोडके तिवर पाहून लोकांच्या तोंडचे पाणी पळते. कोणी म्हणतो, वन मेले. कोणी म्हणतो, औषध फवारा. परंतु थोडे थांबावे. अळीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे असते. तेवढ्यात तिच्यावर पक्ष्यांची धाड पडते आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आपला वाटा उचलतात. उरलेल्या अळ्या कोश करून पतंग होतात व उडून जातात. मग काही आठवड्यांत तिवराला नवी लुसलुशीत पालवी फुटते आणि बोडके वन पुन्हा हिरवे होते. मधल्या काळात खाल्लेले पान वाया गेले काय? नाही. अळ्यांची विष्ठा चिखलात पडते, चिखलाला खत मिळते, आणि त्या चिखलावर खेकडे, कोळंबी व माशांची पिल्ले पोसली जातात. तिवराचे पान एरवी पिकून, गळून, कुजून पाण्यात जावयाचे; अळीने ते काम लवकर उरकले इतकेच.

याउलट औषध फवारले तर काय होते? सागाच्या बागेत त्याचा काही हिशेब मांडता येईल, पण खाडीवर फवारलेले औषध सरळ पाण्यात उतरते. किड्यांना मारणारी बहुतेक औषधे कोळंबीला आणि खेकड्यालाही मारतात, कारण ही सारी एकाच मोठ्या घराण्यातील भावंडे आहेत. जे झाड आपले आपण बरे होणार होते त्यास वाचविण्याच्या नादात कोळ्याच्या जाळ्यातला घास जावयाचा. रोग्याची नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याची गणना आपण ज्या पंक्तीत करतो, त्याच पंक्तीत ही फवारणी बसते.

बांधावरून

तिवरवनाच्या कडेने बांधावर आले की एका बाजूस खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूस खाजन शेती दिसते. गोव्यात अशी खाजने सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली ही जमीन पूर्वजांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळविली, मानशीची लाकडी दारे बसवून भरती-ओहोटीला वेसण घातली आणि गावकीच्या देखरेखीखाली पिढ्यान्‌पिढ्या राखली. खारट माती सोसणारे कोरगुट भात येथेच पिकते. कणसांच्या फेस्ताला नव्या भाताची लोंबी हातात घेताना आपणांस बांधाचे स्मरण होते. त्या बांधापुढे उभे राहून लाटांचा मारा झेलणाऱ्या तिवराचे स्मरण क्वचितच होते. तिवर गेले तर लाटा सरळ बांधावर आपटतात. बांध फुटला तर शेतात मीठ शिरते, आणि एकदा मीठ शिरले म्हणजे ते धुऊन निघण्यास पुष्कळ पावसाळे जावे लागतात. तिवराच्या बारीक फुलावर बसलेल्या माशीपासून शेतकऱ्याच्या ताटातील भातापर्यंत अशी ही साखळी येऊन पोहोचते.

तिवरांमुळे डास होतात, ही तक्रार काठावरच्या गावांत वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य थोडे आहे. ज्या भागात दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी खेळते तेथे डासांच्या अळ्यांना स्वस्थता मिळत नाही, शिवाय लहान मासे त्यांचा समाचार घेतात. डासांचे खरे माहेर म्हणजे साचलेले पाणी: भराव घालून तोडलेला ओहोळ, बुजलेली मानस, उघडी डबकी, टाकून दिलेले डबे. बांधावरून चालताना डोक्यावर घिरट्या घालणारे चतुर आणि टाचण्या हे तर डासांचे हाडवैरी. त्यांची पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठे चतुर उडते डास टिपतात. डासांवर उपाय करावयाचा तर वाट मोकळी करून पाणी वाहते करावे. झाडे तोडून पाणी वाहते होत नाही.

डोंगरउतारावरील शिपाई

बांध संपला की पायवाट उंचवट्यावर चढते. येथे जांभा दगड, काजू, आंबे आणि करवंदीच्या जाळ्या. काजू हा मुळात आपला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. ज्या किड्यांशी त्याची पिढीजात ओळख होती ते सारे समुद्रापलीकडेच राहिले. त्याचे पराग चिकट असल्याने नुसत्या वाऱ्यावर त्याचे भागत नाही. मग या परक्या झाडाचा संसार चालला कसा? येथल्या मधमाशांनी, माश्यांनी आणि मुंग्यांनी त्यास आपलेसे केले. आज गोव्याच्या हुर्राकाची व फेणीची कीर्ती सांगताना या गावठी किड्यांचे नाव कोणी घेत नाही, पण त्यांच्यावाचून बोंडू धरला नसता. आंब्याच्या मोहोराचीही तीच गत. ज्या माशीला आपण ताटावरून हाकलतो तिच्या जातभाईंवाचून मानकुरादाची फांदी वाकत नाही.

एका काजूच्या बागेत एक वृद्ध शेतकरी गवत काढीत होते. डोक्यावरच्या फांदीला तांबड्या मुंग्यांची पानांची मोठी घरटी होती. "काका, एवढ्या मुंग्या झाडावर ठेवता? चावत नाहीत काय?" असे आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, "चावतात तर, बाब! काजू पाडताना अंगाची आग होते. पण ज्या झाडावर ही घरटी असतात त्या झाडाला मोहोर जळण्याचे दुःख कमी. माझा बाप घरटे जाळू देत नसे, मीही देत नाही. राखणदाराला पगार हवाच, मी चावे देतो."

या मुंग्यांचे घर बांधणे एकदा तरी स्वस्थ बसून पाहावे. पुष्कळ मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्यांना तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमी धागा निघतो, आणि मुंगी ती अळी विणकराच्या धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरविते. अशा रीतीने घर शिवले जाते. एकाच वसाहतीची घरे पुष्कळ झाडांवर पसरलेली असतात, आणि त्या हद्दीत शिरणाऱ्या किड्याची धडगत नसते. काजूचा मोहोर करपविणारा ढेकण्या हा त्यांच्या तावडीत सापडणाऱ्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील काजूबागांत शास्त्रज्ञांनी या मुंग्यांचा उपयोग करून पाहिला आणि ढेकण्याच्या जातीच्या किडींवर त्यांचा वचक राहतो असे त्यांस आढळले. थायलंडमध्ये कांदळाच्या झाडांवरही हीच गोष्ट दिसून आली: मुंग्यांचा वावर असलेल्या झाडांची पाने किड्यांनी कमी खाल्ली होती. चीनमध्ये तर इ. स. ३०४ च्या सुमाराचा समजला जाणारा एक ग्रंथ सांगतो, की संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात. शेतीच्या इतिहासात किडीवर किडा सोडण्याचे इतके जुने उदाहरण दुसरे सहसा आढळत नाही.

अर्थात मुंगी ही काही साध्वी नव्हे. पानांचा रस शोषणाऱ्या खवले किड्यांना व पिठ्या ढेकणांना ती गाईसारखी पाळते, त्यांचे गोड पाझर पिते आणि त्यांचे रक्षणही करते. झाडाला त्याचा थोडा तोटा सोसावा लागतो. पण संसारात निखळ नफा कोठे असतो? जमाखर्च मांडून शिल्लक राहिली म्हणजे झाले.

ही शिल्लक पायदळी तुडविली तर काय घडते, याचे दारुण उदाहरण याच किनाऱ्यावर, केरळातील कासरगोड जिल्ह्यात घडले. तेथील विस्तीर्ण काजूमळ्यांवर याच ढेकण्याला मारण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान नावाच्या विषाची फवारणी होत राहिली. विहिरी, ओहोळ, घरांची छपरे आणि मुलांची अंगणे यांवर ते विष उतरले. गावोगावी व्यंग घेऊन जन्मलेल्या व दुर्धर आजारांनी खिळलेल्या मुलांची संख्या पाहून लोकांनी दाद मागितली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या उत्पादनावर, विक्रीवर व वापरावर देशभर बंदी घातली, आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. पैशाने अंथरुणावरचे मूल उठून उभे राहिले नाही. काजू वाचविण्यासाठी निघालेली मंडळी काजूच्या मधमाशा व मुंग्या मारून बसली, आणि पुढे ते विष माणसाच्या पाळण्यापर्यंत पोहोचले.

उंबराचे फूल

परतीच्या वाटेवर ओहोळाच्या काठी उंबर लागला तर त्याखाली क्षणभर थांबावे. दुर्मिळ माणूस भेटला की आपण त्यास उंबराचे फूल म्हणतो. वास्तविक उंबराला फुले हजारोंनी येतात. ती फळाच्या आत, दार लावून बसलेली असतात. त्या दाराचे भोक इतके अरुंद की ते फक्त एका जातीच्या माशीसाठी ठेवलेले आहे. ही माशी तिळाहून मोठी नसते. अंगावर पराग घेऊन ती भोकातून आत घुसते, तेव्हा तिचे पंख दारातच तुटून पडतात. आत शिरून ती काही फुलांत अंडी घालते, काहींना पराग देते, आणि तेथेच प्राण सोडते. तिची पिल्ले फुलांतच वाढतात. पंख नसलेले नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाची भिंत पोखरून वाट करून देतात आणि उजेड न पाहताच मरून जातात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसांचे आयुष्य असते, आणि तेवढ्यात त्यांना आपल्याच जातीचे दुसरे झाड, तेही नेमक्या वेळेला आलेले, गाठावयाचे असते. आफ्रिकेतील नामिबियाच्या वाळवंटात अशा माश्या वाऱ्यावर स्वार होऊन शंभराहून अधिक किलोमीटर जातात असे अभ्यासकांनी सिद्ध केले आहे.

उंबरावाचून ती माशी नाही आणि त्या माशीवाचून उंबराचे बी नाही. दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याची वंशवेल खुंटली. आणि त्यांच्याबरोबर आणखी कित्येकांचे अन्न तुटले. कारण इतर झाडांची फळे संपतात त्या दिवसांतही कोठला ना कोठला उंबर, वड किंवा पिंपळ फळलेला असतो आणि बुलबुलापासून धनेशापर्यंत साऱ्यांना जगवितो. तेच पक्षी पुढे रानभर बी पेरतात.

आपल्या हाती काय आहे

वाचकहो, चोडणची ही फेरी येथे संपते. अभयारण्याच्या फाटकावर पहारा आहे आणि तो असावाच. परंतु त्या फाटकाच्या आतील झाडांची फुले ज्यांच्यावर अवलंबून आहेत ते कारभारी फाटकाबाहेर, तुमच्या आमच्या वाड्यात, बांधावर आणि बागेत राहतात. कुंपणाच्या आतले वन राखून बाहेरची मधमाशी मारली, तर काही वर्षांनी आत नुसती झाडे उभी राहतील, त्यांचे वंशज उगवणार नाहीत. म्हणून वनाचे अर्धे रक्षण गृहस्थाच्या हाती आहे, आणि त्यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. काजू वा आंबा फुलावर असताना फवारणी टाळावी, आणि अगदी निकड पडली तर जाणत्याचा सल्ला घेऊन, माशा घरी परतल्यावर, सायंकाळी करावी. ढोलीतील सातेरीचे पोळे धूर करून उठवू नये. परसातील एखादी वठलेली फांदी भुंग्यासाठी सोडावी. मुलांच्या वाटेवर नसेल तर मुंग्यांचे घरटे जाळू नये. बोडके तिवर दिसले तर घाबरून न जाता महिना-दोन महिने वाट पाहावी. आणि ओहोळाकाठचा उंबर जागा अडवितो म्हणून तोडण्यापूर्वी त्याच्या एका फळाचे दोन भाग करून ते मुलांना दाखवावेत.

त्या फळात चिमुकल्या माश्यांची लगबग पाहून मुले एकदम ओरडतील, "किडके आहे!" तेव्हा त्यांना जवळ बसवून सांगावे, की बाळांनो, हे किडलेले नाही. हे घर आहे आणि आत बिऱ्हाड नांदते आहे.